पोताऱ्यापासून रंगापर्यंत : वऱ्हाडी घराच्या भिंतीची हकीकत

"थोडक्या खर्चात घर कसे सजवावे" या विषयावर स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादिकाबाईंनी फर्मावले तेव्हा प्रथम मला हसूच आले. आपल्या सभासद भगिनींपैकी बहुतेकींनी सारा जन्म हाच उद्योग केलेला आहे. फाटक्या लुगड्याचा पडदा, रॉकेलच्या डब्याची तुळशीची कुंडी, फुटक्या बांगड्या दिव्यावर वाकवून केलेली तोरणे हे सारे ज्यांच्या हातून झाले, त्यांना मी काय शिकवणार? तेव्हा शिकवण्याचा आव न आणता, आपल्या अमरावती-अकोल्याकडे हा उद्योग कसकसा होत आला, त्याला काय लागे आणि ते कोण पुरवी, एवढीच हकीकत सांगावी असे मी ठरवले.

विषय घरगुती म्हणून त्याला इतिहास नाही, असे कोणी समजू नये. किल्ला कोणी बांधला, कोट कोणी घातला हे लिहून ठेवण्याची चाल आहे. कोणत्या बाईने कोणत्या साली भिंतीला हात दिला, हे लिहिण्याची चाल कधीच नव्हती. परंतु ती नोंद भिंतीने स्वतः ठेवलेली आहे. एखादे जुने घर पडते तेव्हा भिंतीचा सुटलेला पापुद्रा हातात घेऊन पाहावा. अगदी आत शेणमातीचा लेप, त्यावर पांढऱ्या मातीचे कितीतरी पातळ थर, मग निळसर चुना, त्यावर फिकट हिरवे किंवा गुलाबी डिस्टेंपर, आणि सर्वांत वर चकचकीत ऑइल पेंट. वऱ्हाडच्या दीडदोनशे वर्षांच्या संसाराची हकीकत त्या बोटभर जाडीत बसलेली असते. मी तीच आतून बाहेर वाचणार आहे.

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. या दोन शब्दांत सारे वऱ्हाड आले. काळी पिकवायची आणि पांढरीवर राहायचे. गावाच्या उंचवट्याची, पडक्या गढीची, जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती पांढरट असते, आणि तीच घराला लागे. तिच्या भिंती रचत, भिजवून लेप देत, आणि अगदी पातळ कालवून वरून हात फिरवीत. या शेवटच्या कामाला आपण पोतारा म्हणतो. गढ्या बसक्या झाल्या त्याला जसे पाऊसपाणी कारण, तशा बायकांच्या टोपल्याही कारण आहेत. ज्या गढीने गावावर हुकूम चालवला, ती शेवटी गावच्या चुलीभोवती पोताऱ्याच्या रूपाने लागली!

ज्याला मातीची भिंत परवडत नसे त्याचे कूड असे. कूड म्हणजे तुराट्या किंवा पऱ्हाटीच्या काड्या उभ्या विणून त्यांवर दोन्ही अंगांनी शेणमाती थापलेली भिंत. तूर आणि कापूस दोन्ही शेतात, म्हणून कुडाला दाम पडत नसे. वर धाबे. बाभळीच्या किंवा सागाच्या कड्या, त्यांवर तुराट्यांचा थर, मग माती आणि सर्वांत वर खारी माती. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाण पट्टा गेला आहे, तेथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. पण त्या खाऱ्या मातीत एक गुण आहे. पहिल्या पावसाने ती फुगते, तिचे अगदी बारीक कण सुटून भेगांत बसतात आणि खाली पाणी जाऊ देत नाहीत. पिकाला नडणारी माती छपराला कामी आली. कोण्या शहाण्या पूर्वजाने हे प्रथम ओळखले याचा पत्ता नाही. पूर्वज की पूर्वजा, हेही माहीत नाही. एवढे खरे की धाब्यावर खारी टाकण्याचे काम वैशाखाच्या उन्हात असे आणि टोपल्या वाहणाऱ्यांत बायका असत.

आता सजावटीकडे वळू. जमीन शेणाने सारवायची, दारात सडा घालून रांगोळी काढायची, भिंतीला पोतारा द्यायचा आणि खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढायचा. या पट्ट्याने घर उठून दिसे. शिवाय सारवताना उडालेले शेणाचे शिंतोडे त्यात लपत. वऱ्हाडी सजावटीत शोभेपुरती शोभा क्वचितच आढळेल. नागपंचमीला भिंतीवर गंधाने नाग, आषाढी अवसेला जिवती, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई आणि तिला ज्वारीच्या धांड्यांचे मखर. ज्येष्ठा गौरींना आपण महालक्ष्म्या म्हणतो. त्यांच्यासाठी घरातल्या सगळ्या चांगल्या लुगड्यांचा पाठीमागे पडदा होई आणि सण सरला की तीच लुगडी घडी घालून पेटीत जात. विकत आणलेले असे त्यात फारच थोडे असे.

हे वाचून कोणाला वाटेल, किती स्वस्त आणि किती सुंदर! येथेच मला जरा थांबायचे आहे. स्वस्त खरे, पण कोणाला? भिंत काळी का होई, ते आधी पाहा. चूल घरात, धुराला वाट नाही, जळणाला पऱ्हाटी आणि गोवऱ्या. पऱ्हाटी भडभडून पेटते आणि धूर काढते. आठ दिवसांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर काजळी धरे, आणि आठ दिवसांनी तीच बाई पोतेरे घेऊन ती पुसून काढी. जो धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत जाई, त्याच धुराचा डाग तिनेच झाकायचा. पावसाळा सरल्यावर साऱ्या घराला हात द्यायचा तो दसरा-दिवाळीच्या आत. आणि वऱ्हाडात कापसाची वेचणी लागते तीही त्याच सुमारास. दिवसभर वाकून कापूस वेचायचा, संध्याकाळी भाकरी टाकायच्या आणि रात्री चिमणीच्या उजेडात भिंत पोतारायची. पांढरी माती आणायला टेकाडाच्या पोटात खणीत जावे लागे. वरचा दरडीचा भाग तसाच लोंबता राही आणि तो अंगावर येण्याची धास्ती असे. पैशाच्या हिशेबात हे कोठेच दिसत नाही. खर्च शून्य, असेच लिहावे लागेल. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून दोष नेमका कोणाचा, असे विचारले होते. घराच्या टापटिपीबाबत प्रश्न दोषाचा नसून श्रमांचा आहे, आणि तो विचारायला आम्हांला बराच वेळ लागला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घर सासऱ्याच्या नावाचे, शेत नवऱ्याच्या नावाचे, दागिना गहाण पडायचा. पण भिंतीवर काय काढायचे हे ठरवताना बाईला कोणाला विचारावे लागत नसे. गेरूचा पट्टा केवढा, दाराशी मोर की कमळ, देवळीभोवती वेल की ठिपके, हे तिचे ती ठरवी. सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या अर्धगोल रेघा उठतात, त्यांवरून हे कोणाचे सारवण हे जाणत्या बायकांना ओळखू येई. मातीला दाम नव्हता म्हणूनच तेथे कोणाची परवानगी लागत नव्हती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या हकीकतीत तो उलटतो.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाडातून पार नागपूरपर्यंत गेला. १८७० साली लॉर्ड मेयो खुद्द खामगावास येऊन तेथली लोहमार्गाची शाखा खुली करून गेले. गावोगाव कापसाच्या गाड्यांची रांग लागली. हा पैसा मुख्यतः व्यापारी, सावकार आणि मोठे पाटील यांच्या हाती राहिला, वेचणारणीच्या पदरी वाट्याचा मूठभर कापूस. तरी गाडी रिकामी परत येत नाही. कापूस गेला त्या मार्गाने वस्तू आल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ घर सजवण्याच्या होत्या.

शहाबादची फरशी आली आणि ज्या ओसरीवर ती बसली तेथले सारवण संपले. पन्हळी लोखंडी पत्रे आले. वऱ्हाडात त्यांना आजही टिनच म्हणतात. टिनाखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघते, पण दरसाल खारी टाकावी लागत नाही. मंगळुरास बाझल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला होता; तशी चापट कौले पुढे सर्वदूर पसरली. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत हंड्या-झुंबरे लागली. त्यांच्याविषयी लिहिण्याचे मला कारण नाही. तो थोडक्या खर्चाचा विषय नव्हे.

गरिबांच्या भिंतीवर जे आले ते चित्र. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यास १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची रंगीत छापील चित्रे मिळू लागली. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईस छापखाना घातला. त्याची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोचली. पूर्वी कोरीव मूर्ती किंवा हाताने काढलेले चित्र ज्याच्या ऐपतीत असे त्याच्याच घरी देवाचे रूप दिसे. आता थोड्या पैशांत लक्ष्मी ओसरीवर आली, तीही झुळझुळीत लुगडे नेसून. काचेची तसबीर करवणे मात्र महाग, म्हणून पुष्कळ घरी चित्र नुसतेच खळीने चिकटवीत. दिनदर्शिका निघाल्यावर तर वर्ष संपल्यावरचे चित्र फुकटच पडू लागले. त्याच लाटेत जिवतीचा छापील कागद आला. नरसिंह, कालियामर्दन, मुलांसह जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती, सारे एका कागदावर. भिंतीवर जिवती काढायला जी आजीबाई शेजारपाजारहून बोलावली जाई, तिची गरज उरली नाही. बाईचा हात भिंतीवरून निघू लागला तो असा. जुलमाने नव्हे, सोयीने.

पोताऱ्यानंतरचा थर चुन्याचा. चुना नवा नव्हता. वाड्या-देवळांना तो पूर्वीपासून होता. काळ्या जमिनीत सापडणारी चुनखडी भाजून तो करीत. पण त्याला दाम पडे, म्हणून साध्या घरात तो सणासुदीला आणि दर्शनी भिंतीपुरता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारी माणसे घरोघर शिरून भिंतींना चुना फासू लागली, पुण्यासही तेच झाले, आणि पुढे प्लेग वऱ्हाडातही पोचला. तेव्हापासून चुना ही केवळ शोभा राहिली नाही, ते आरोग्यखात्याचे औषध झाले. शाळा, चावडी, दवाखाना सारे पांढरे. आणि पांढरे घर ते निरोगी घर, असा समज झाला.

तो समज निराधार नव्हता. चुन्याची विद्या थोडी सविस्तर सांगते, कारण आपल्या तरुण सभासदांपैकी काहींनी ती पाहिलेलीच नाही. कळीचा चुना मातीच्या रांजणात किंवा लोखंडी पिंपात टाकून त्यावर पाणी ओतले की तो खदखदून उकळतो. लहान मुलांना तेव्हा जवळ येऊ देऊ नये, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. तो पाच-सात दिवस पाण्याखाली मुरू द्यावा. नंतर जाड्या कपड्यातून गाळावा, ताकाइतका पातळ करावा आणि भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात भिजवलेला डिंक किंवा तांदळाची पेज घालावी. शेवटच्या हाताला किंचित नीळ टाकली म्हणजे पांढरा अधिक पांढरा दिसतो. भिंत आधी झाडून ओलसर करावी आणि कुंच्याने पातळ दोन-तीन हात द्यावेत. जाड एक हात दिला तर पोपडे सुटतात. अधीर माणसाचे चुन्याशी पटत नाही. ओला असताना चुना मळकट दिसतो आणि भिंत बिघडली असे वाटते. पण तो हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि दोन दिवसांत उजळतो. ताज्या चुन्यात कीड-बुरशी टिकत नाही. शिवाय त्यातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. मातीच्या भिंतीला ऑइल पेंट फासला किंवा सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल आतच राहते, आणि चारदोन पावसाळ्यांत गिलावा ढलपीने खाली येतो. नवे ते पक्के, या समजुतीने पुष्कळांनी चांगल्या मातीच्या भिंती अशा घालवल्या.

स्वच्छतेचा हा विचार वऱ्हाडात ज्या माणसाने सर्वांत खोल नेला, त्याचे स्वतःचे घर नव्हते. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. गावात शिरले की आधी खराटा, मग कीर्तन. झाडण्याच्या कामात कमीपणा नाही, हे त्यांनी तोंडाने सांगण्याआधी हाताने दाखवले. आणि तो हात पुरुषाचा होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. यावलीचे तुकडोजी महाराज १९५५ च्या 'ग्रामगीते'त गावाच्या शुद्धीचा आणि स्त्रियांच्या उन्नतीचा विचार एकाच पोथीत मांडून गेले. महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान काढले ते गाडगेबाबांच्याच नावाने.

याच काळातली आणखी एक घटना आपल्या अमरावतीशी जोडलेली आहे, आणि गृहसजावटीवरील लेखांत ती कधी येत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरास अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या होत्या आणि अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सभेत स्त्रियांना स्वच्छ राहण्यास, मुलांना शिकवण्यास आणि त्यांच्या लग्नाची घाई न करण्यास सांगितले. आता, ज्यांना गावाबाहेर ठेवले, ज्यांना पाणी भरू दिले नाही, त्यांना स्वच्छतेचा उपदेश सोपा नसतो. पण तो वरून केलेला उपदेश नव्हता. स्वच्छ घर ही त्या वस्तीत मानाची गोष्ट झाली, आणि ती कोणी दिलेली नव्हती, आपली आपण घेतलेली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले. त्यानंतर वऱ्हाडातल्या गावोगावच्या त्या घरांत भिंतीवरच्या जुन्या देवांच्या तसबिरी उतरल्या आणि बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा लागल्या. दारांना निळा रंग आला. एक खिळा आणि एक चित्र, इतक्याच खर्चात घर असे मुळापासून बदललेले मी दुसरे ऐकलेले नाही.

साधेपणालाही मान असतो हे गांधीजींनी आपल्या शेजारी दाखवले. एप्रिल १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळ सेगावी राहावयास आले. पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. तेथल्या बापू कुटीच्या भिंती मातीच्या. मीराबेनने त्या ओल्या मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठवले. दुसरे काही टांगलेले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात खानदेशातल्या फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. सजावटीला शांतिनिकेतनाचे नंदलाल बोस आणि गांधीजींची अट अशी की जे लागेल ते खेड्यातले. बांबू, गवत आणि खेड्यातल्या कारागिरांचे हात यांवर सारे काम निघाले. म्हणजे आपल्या आजीने जे न सांगता केले, ते आता राष्ट्राने मुद्दाम केले. त्याने मातीची प्रतिष्ठा वाढली खरी; परंतु आश्रमातली माती निवडलेली असते आणि गावातली माती पदरी पडलेली. हल्ली पर्यटकांसाठी शेणाने सारवलेल्या खोल्या बांधतात आणि त्यांचे भाडे पक्क्या खोलीहून जास्त असते. तेथे एक रात्र राहून हरखलेल्या भगिनींनी रोज पहाटे ती खोली कोण सारवते, याची एकदा चौकशी करावी.

स्वराज्यानंतर महिला मंडळांचे दिवस आले. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समुदाय विकास योजना सुरू झाली आणि ग्रामसेविका खेड्यांत हिंडू लागल्या. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि मंडळांना अनुदाने मिळू लागली. शिवण, भरतकाम, शोषखड्डा आणि बिनधुराची चूल हे तेव्हाचे विषय. मला विचाराल तर घराच्या सजावटीतली सर्वांत मोठी सुधारणा हीच शेवटची. जे. सी. कुमारप्पांच्या वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे प्रयोग चालत. त्यांतूनच मगन चूल निघाली. चुलीच्या मागे धुराडे लावून धूर बाहेर काढायचा, एवढीच युक्ती. धूर गेला म्हणजे काजळी गेली, काजळी गेली म्हणजे आठवड्याचा पोतारा गेला. पण धुराडे महिन्या-दोन महिन्यांनी साफ करावे लागे, तुटले तर बदलावे लागे. आणि हा खर्च घरातला कर्ता पुरुष नेमका पुढे ढकली. बाईची कंबर फुकट असताना धुराड्यावर पैसे कशाला, असा हा हिशेब. तोंडाने कोणी म्हणत नसे, पण तो होता.

किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक १९३० पासून निघत होते. ते आणि त्याच्यासारखी मासिके हातोहात फिरत आणि त्यांतले विणकाम-भरतकामाचे नमुने कागदावर उतरून घेतले जात. त्या दशकांतली मध्यमवर्गीय घरे आठवा. मांडणीवर घासून लख्ख केलेली पितळी भांडी ओळीने, आणि फळीच्या कडेला वर्तमानपत्राची कात्रीने कातरलेली नक्षी. दारावर काचनळ्यांचे तोरण, रेडिओवर क्रोशाचे झाकण. खाली अकोटची सतरंजी, हा वऱ्हाडचा जुना नावाजलेला माल. पांघरायला वाकळ, आमच्या बोलीत वाकय. जुनी लुगडी साठली की दोन तट पडत. एकीचे म्हणणे बोहारणीला देऊन पातेले घ्यावे, दुसरीचे म्हणणे वाकळ शिवावी. या वादात ज्या घरी पातेल्याचा जय झाला त्या घरची वाकळ गेली, आणि आज जुन्या वाकळी शहरांत भिंतीवर टांगायला नेतात.

डिस्टेंपर, स्नोसेम आणि ऑइल पेंट यांचा थर बसला तो याच सुमारास. रंगाचे कारखाने मुंबईत निघाले होते. एशियन पेंट्सची स्थापना १९४२ ची. रंगाचा डबा घरात आला तेव्हा बाईच्या कमरेला खरोखरच विसावा मिळाला, आणि त्याबद्दल मी एक शब्दही वाकडा बोलणार नाही. एकदा रंग दिला की चार-पाच वर्षे बघावे लागत नाही. पण मघाशी जो मुद्दा ध्यानात ठेवा म्हटले, तो येथे येतो. माती फुकट होती म्हणून भिंत बाईची होती. डबा विकतचा, रंगारी मजुरीचा, म्हणून रंग ठरवणारा पैसे देणारा झाला. "कोणता रंग द्यायचा?" असे ज्या घरी विचारले जाते तेथे ठीक आहे. पुष्कळ ठिकाणी लग्नकार्य निघाले म्हणजे घरधनी परस्पर डबे घेऊन येतो. आणि ज्या घरी पैसा नाही तेथे आता मातीही नाही. गढी संपली, गुरे कमी झाली म्हणून शेण मिळेना, आणि चुना मुरवायला लागणारा आठवडा कोणाजवळ नाही.

म्हणून माझ्या मते कमी खर्चात घर सजवण्याचा प्रश्न रंगाच्या दुकानाइतकाच तलाठ्याच्या आणि ग्रामसेवकाच्या कचेरीतलाही आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला; वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मानला. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. २००३ साली राज्य शासनाने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय काढला. आठ-अच्या त्या कागदावर नाव लावायला रंगाच्या एका डब्याइतकाही खर्च येत नाही. आपल्या मंडळातल्या किती जणींचे नाव लागले आहे, हे हळदीकुंकवाच्या वेळी आपापसांत विचारून पाहावे. मी विचारले तेव्हा बऱ्याच जणी गप्प राहिल्या, आणि एकीने, "तसं आहे म्हनतात बाई, मी काही पायलं नाही," असे उत्तर दिले.

२०१६ च्या प्रधानमंत्री घरकुल योजनेत सपाटीच्या भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले आणि घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावे असा नियम झाला. तेवढ्या पैशांत छत पडेपर्यंत हात आखडतो आणि गिलावा तसाच राहतो. दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या वाटेने दिवाळीच्या आठवड्यात जावे. अशी बिनगिलाव्याची पुष्कळ घरकुले लागतात, आणि त्यांतल्या काहींच्या उघड्या विटांवर चुन्याचा एक हात दिलेला, दाराच्या दोन्ही अंगांना गेरूचे पट्टे ओढलेले आणि उंबऱ्यापुढच्या सिमेंटवर, धरत नसतानाही, शेणाचा सडा घातलेला दिसतो.